थांब म्हणजे दोर

बातमी आली तेव्हा मी जेवत होतो. आमच्या घरात माझ्याविषयीची कुठलीही हकिकत 'रघू जेवत होता' इथूनच सुरू होते, तेव्हा हीही तशीच सुरू व्हावी हे ओघानं आलं. सांबारभात संपला होता, रसमभात यायचा होता, आणि दारात आक्काच्या शेजारचे पोस्टमास्तर सायकल भिंतीला टेकवून उभे राहिले. एरवी ते तिण्णैवर, म्हणजे आमच्याकडे घरापुढं रस्त्यालगत ओटा असतो त्यावर, ऐसपैस बसून कापी झाल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी बसले नाहीत. "पंचनदराव गेले," म्हणाले. "सकाळीं कापी घेतली, पेपर मागितला, पेपर आणीपर्यंत..." माझ्या तोंडात घास होता. तो गिळावा की टाकावा हे ठरवायला जो क्षण लागतो, त्या क्षणात मला भावजींचाच आवाज स्पष्ट ऐकू आला, 'गीळ रे रघू. इतका भार आहे तिथें आणखी एका घासानें काय बुडणार!' मी गिळला. मग हात धुतला, आणि मग मला रडू आलं.

पंचनदराव म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सीताक्काचे यजमान. माझे भावजी. जन्म तिरुवैयारूचा, कावेरीच्या काठचा, नावही तिथल्या देवाचं, "माझ्या नांवांतच पांच नद्या आहेत, मीं जमिनीवर कसा राहीन?" असं म्हणायचे. प्रत्यक्षात तीस वर्षं जमिनीवरच, तंजावूरच्या एका शाळेत सायन्स शिकवत राहिले. मुलं त्यांना 'स्पीडसार' म्हणत; सार म्हणजे सर. धडा प्रकाशाचा असो, उष्णतेचा असो की बेडकाच्या पोटाचा, तास संपताना फळ्यावर एक बोट काढलेली असायची आणि तिच्यावर चार बाजूंनी बाण. परीक्षेत बेडकावर प्रश्न आला आणि एका विद्यार्थ्यानं उत्तरात बोटीचे बाण काढले, तर भावजींनी त्याला अर्धे मार्क दिले. "बाण बरोबर आहेत," म्हणाले.

मी रघुनाथराव. राजवाड्यातल्या जुन्या मोडी कागदांच्या देवनागरीत नकला करणं हा माझा उद्योग. आमच्या गल्ल्यांमधून मराठी बोलतात सगळे, वाचणारे मात्र फार थोडे, त्यामुळं मला उगाच विद्वान समजलं जातं. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी इकडं आली ती सांबारात मुरली. पुण्याचे पाहुणे ती ऐकून आधी दचकतात, मग हसतात, मग आणखी एक वाटी सांबार मागतात. या लेखात आमची माणसं आमच्यासारखी बोलतील. तेवढं सांभाळून घ्यावं.

तर बोट. तिचं मूळ आक्काच्या पोटात होतं. लग्नानंतर पहिल्यांदा भावजी तिला माहेरी, ओरत्तनाडूला, बसनं घेऊन आले तेव्हा तिला वाटेत चार वेळा उलटी झाली. तेलाचा वास, खड्डे, आणि बसच्या टपावरून गळणारं कुणाचं तरी ताक. पुढं दर सणाला तेच. ती हातात लिंबू घेऊन, ते हुंगत, डोळे मिटून बसायची आणि माहेरी पोचली की दोन दिवस फक्त दहीभात. आणि बसच्या खिडकीतून सबंध वाटभर काय दिसायचं, तर पुदु आरु. म्हणजे नवी नदी. हा खरं तर कालवा, आमच्या तरुणपणी खोदलेला. पण इथं वाहत्या पाण्याला कालवा म्हणवत नाही कुणाला. तंजावूरच्या अंगावरून निघतो आणि ओरत्तनाडूकडं जातो. तिचं सासर आणि माहेर एकाच पाण्यावर, आणि मधे ही उलटी. भावजी एकदा म्हणाले, "पुढल्या खेपेला तुला पाण्यावरून नेईन. पाण्याला खड्डे नसतात." नवरे असं बोलतात. माझ्या बायकोला मीही काय काय बोललो आहे. पण भावजी सायन्सचे मास्तर होते, त्यांना आपलं वाक्य सिद्ध करायची सवय.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर नागपट्टणमकडं लष्करी भंगाराचे ढीग पडले होते. त्यातून त्यांनी बोटीच्या मागं टांगायचं एक मोटरयंत्र शोधून आणलं, तांदळाच्या पोत्यात गुंडाळून, रेल्वेनं, मांडीवर. आक्कानं आधी वास घेतला. "हें कुठें ठेवणार?" "देवघराशेजारीं. तिथें ओल नाहीं." देव त्या दिवशी वरच्या फळीवर गेले. यंत्र झालं, आता बोट. बोट करणारं तंजावुरात कोण? कोणी नाही. वीणा करणारे मात्र चांगले. तेव्हा भावजींनी वीणा करणाऱ्या गोविंद आचारींना गाठलं; इकडं आचारी म्हणजे सुतार, स्वयंपाकी नव्हे. आचारींनी आयुष्यात बोट केली नव्हती आणि भावजींनी करवून घेतली नव्हती, त्यामुळं दोघांचं चटकन जमलं. फणसाचं उत्तम लाकूड आलं. उन्हाळाभर, पुदु आरु कोरडा ठणठणीत असताना, परसात विहिरीशेजारी काम चाललं, आणि पाणी सुटायच्या वेळेला जी वस्तू तयार झाली ती पाहून माझ्या बायकोनं विचारलं, "तारा कधीं लावणार?" कारण ती वीणाच होती. खालून गोल गरगरीत भोपळा, अंगाला झिलई, आणि आचारी बोटाच्या पेरानं तिच्यावर टिचकी मारून, मान कलती करून ऐकायचे, "नाद बघा, सार."

नाद होता, वेग नव्हता. आडि या तमिळ महिन्याच्या, म्हणजे ऐन पावसाळ्यातल्या, अठराव्या दिवशी, सगळं गाव पाण्याची पूजा करायला काठावर जमलं असताना, बोट सोडली. यंत्र गर्जलं, नळीतून धूर निघाला, बोटीनं आपल्यापुढं पाण्याची एक टेकडी तयार केली आणि ती टेकडी ढकलत ढकलत म्हशीच्या चालीनं निघाली. काठावरून एक म्हैस खरोखरच बरोबरीनं चालत होती. घरी आल्यावर भावजींनी आम्हा सर्वांना तळ्यावर नेलं आणि भाकऱ्या खेळायला लावलं. चपटी खापरी फेकली, ती पाण्यावर टप्पे घेत गेली. पेरू फेकला, तो डुबकन बुडाला. "बघा. गोल बूड पाण्यांत बसतें. चपटें बूड पाण्यावर चढतें. जें पाण्यांत बसलें त्याला पाणी फाडत जावें लागतें, जें वर चढलें त्याला नुसतें घसरायचें. आपली बोट पेरू आहे." आचारींना हा अपमान सोसेना. "वीणेला चपटें बूड?" ते तमिळमध्ये कडाडले, "उद्यां म्हणाल बाईला मिशी लावा!" चार दिवस अबोला धरून पाचव्या दिवशी ते करवत घेऊन आले, आणि बोटीचा मागचा अर्धा भाग त्यांनी चपटा करून दिला. पुढचा भोपळा मात्र ठेवला. त्याला हात लावू दिला नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी आक्काला माहेरी न्यायचं ठरलं. रेशमी लुगडं नेसून, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन ती मधल्या फळीवर बसली. मागं यंत्रापाशी भावजी. पुढं मुत्तू, हा पन्नाशीचा, वेताच्या गोल टोपलीतून माणसं नदीपार करणारा जुना नावाडी, दोर आणि बांबू सांभाळायला घेतलेला. मी काठावर होतो, सोबतीला शेंगदाणे. बोट सुटली, आणि खरं सांगतो, पहिली पन्नास पावलं ती सुंदर गेली. नाक उचललं, मागं पांढरा फेस, आक्काचा पदर उडाला आणि ती हसली. तिला हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच इतकं पाहिलं. पुढं पायऱ्यांवर बायका कपडे धूत होत्या. भावजींना वाटलं लाट त्यांच्या अंगावर जाईल. मुत्तूनं बांबू टेकवून बोट धरावी म्हणून ते ओरडले, "थांब! थांब!"

आता यात एक घोटाळा आहे, तो आमच्याखेरीज जगात कुणाचाही होणार नाही. शाळेत भावजी तमिळ बोलत, रागवायचे इंग्रजीत, पण जीव घाबरला की तोंडातून मराठी. आणि तमिळमध्ये 'तांबू' म्हणजे विहिरीचा दोर. मुत्तूला ऐकू आलं, दोर! दोर! आज्ञाधारक माणूस. त्यानं पायाशी पडलेला सगळा दोर उचलला आणि सारांना हवा आहे म्हणून मागं फेकला. सारांनी तो झेलला नाही. तो पाण्यात पडला, आणि पाण्यात यंत्राचा पंखा फिरत होता. पंख्यानं दोर असा ओढून घेतला, जसा मी शेवया ओढतो. यंत्र एकदा उचकी देऊन बंद. बोट आडवी फिरली आणि सावकाश, अगदी मानानं, काठच्या गवतात जाऊन रुतली. धुणाऱ्या बायका हसून हसून पायरीवर बसल्या. आणि नेमकी त्याच वेळी वरच्या रस्त्यावरून ओरत्तनाडूची बस आली.

आक्का उठली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन, डबा डोक्यावर धरून चिखलातून काठावर चढली आणि तिनं हात दाखवून बस थांबवली. खिडकीत बसली, लिंबू काढलं. तिकडून, सगळ्या बसला आणि सगळ्या पायरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमची बोट या बसच्या पुढें जाईल ना, त्या दिवशीं मीं तींत बसेन. तोंवर मला बोलावूं नका!" बस गेली. भावजी गुडघाभर पाण्यात पंख्याचा दोर सोडवत होते. वर बघितलंच नाही त्यांनी. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात विहिरीच्या दोराचं नाव 'थांब' पडलं. "थांब कुजला वाटतें," "थांब कुठें ठेवला?" मुलं तेच ऐकत वाढली. माझ्या भाचीला शाळेत 'थांब' म्हटलं की ती आडाकडं बघायची.

आता तुम्ही म्हणाल, बाईमाणूस रागात बोललं, विसरून जायचं. पण आक्काला मी लहानपणापासून ओळखतो. आठव्या वर्षी तिनं कारल्याची भाजी पुन्हा खाणार नाही म्हटलं, ती आजतागायत खाल्लेली नाही. भावजींनाही हे ठाऊक होतं. ज्या माणसानं बायकोच्या पोटासाठी बोट केली त्याची बायकोच बोटीत बसणार नाही, मग ती बोट कशासाठी? मी एकदा म्हटलं, "भावजी, मीं आहे कीं बसायला." त्यांनी माझ्याकडं फार दयेनं पाहिलं.

पुढचं वर्ष असं गेलं, की तेवढ्यात एखादा माणूस संस्कृत शिकला असता. भावजींनी एक वही केली. मोडीत, कारण शाळेतली मुलं उघडून बघत. प्रत्येक फेरीला पाणी किती, वारा कुठला, बोटीत कोण, दोन पुलांमधलं अंतर किती वेळात. आणि खाली, वेग कुठं गळला. हा त्यांचा शब्द. वेग कमी झाला असं ते म्हणत नसत, घड्याला भोक असल्यासारखं 'गळला' म्हणत आणि भोक शोधायला निघत. एक भोक बुडाशी निघालं. महिनाभर पाण्यात राहिलेल्या बोटीला शेवाळ धरतं, आणि ते केसाएवढं असलं तरी पाणी त्याला लोंबकळतं. दर रविवारी आम्ही बोट उलटी करून नारळाच्या सोडणांनी घासू लागलो. दुसरं भोक आचारींनी कानानं शोधलं. बोट दिवसेंदिवस जड होत होती, कारण कळेना. आचारी आले, एकेका फळीवर टिचकी मारत गेले, आणि डावीकडच्या तिसऱ्या फळीपाशी थांबून म्हणाले, "ही बहिरी आहे. पाणी पिऊन बसली आहे." फळी काढली, उन्हात ठेवली, तेल पाजलं. वही सांगते त्यानंतर बोट हलकी झाली. मी सांगतो, आचारींचा चेहरा वर्षभरानं हलका झाला.

तिसरं भोक पंखा. दोरानं त्याचं एक पातं वाकलं होतं. शिवाय तो लष्करी, मोठ्या बोटीचा. त्याची पाती एवढी तिरकी, की दर फेऱ्याला पाण्याचा मोठा घास घ्यायची आणि आमच्या यंत्राला तो चावेना. "घास लहान हवा आणि पटपट हवा," भावजी म्हणाले, आणि त्यांनी ओळखीच्या ओतारीकडून पितळेचा नवा पंखा ओतून घेतला. हा ओतारी पिढीजात समया करणारा. पंखा अप्रतिम आला, फक्त तिन्ही पात्यांच्या कडेला त्यानं कमळाच्या पाकळ्या काढल्या होत्या. त्या कानशीनं घासून काढताना भावजींनी मला बाहेर पाठवलं. ओतारीला कळलं तर वाईट वाटेल म्हणून.

आणि चौथं भोक मी. खरं तर मी भोक नाही, बूच. बोट जोरात निघाली की तिचं नाक आभाळाकडं जायचं आणि मग ती टपटप आपटत चालायची, आणि आपटेल त्या प्रत्येक वेळी वेग गळायचा. पुढं वजन हवं होतं. भावजींनी आधी इडलीचं पीठ वाटायचा दगड नेऊन ठेवला. आक्का स्वयंपाकघरात आली, दगड नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उपमा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दगडच हवा तर माझा भाऊ न्या." अशा रीतीनं मी विज्ञानात शिरलो. दगडाचा फायदा असा होता की तो हलत नसे आणि वाटेत भूक लागली म्हणत नसे. माझा फायदा भावजींनी असा सांगितला, की मी पुढं-मागं सरकू शकतो. "चार बोटें पुढें, रघू... आणखी... पोट पुढें घे, पाय राहूं दे..." मुत्तूचं मत निराळं होतं. तो म्हणायचा, अय्यांना, म्हणजे मला, उतरवा सार, बोट उडेल. भावजी म्हणायचे, उडेल म्हणूनच तो हवा. हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

बरोबर वर्षानं, दिवाळीच्या आदल्या दिवशी, आक्का माहेरी निघाली. बसनं. हातात लिंबू. आम्ही पुलाखाली बोट तयार ठेवून बसलो होतो. त्या पुलापासून पुढच्या पुलापर्यंत चार-एक मैल रस्ता काठालगतच जातो, बसमधून पाणी दिसतं, पाण्यातून बस दिसते. ड्रायव्हरला शर्यतीची कल्पना नव्हती. तो आपला रोजच्यासारखा भरधाव सुटणार होता. मुत्तूला वजन कमी करायचं म्हणून काठावर ठेवलं, मला वजन हवं म्हणून आत. मी नुकताच जेवून आलो होतो. बसचा भोंगा ऐकू आला, भावजींनी दोरी खेचली, आणि आम्ही निघालो.

त्या शर्यतीचं साग्रसंगीत वर्णन मी करायला हवं, पण मला काही दिसलं नाही. मी पुढच्या भोपळ्यावर पोट टेकून, दोन्ही कडा धरून बसलो होतो आणि समोरून येणारं पुदु आरुचं पाणी माझ्या तोंडात जात होतं. एकदा डावीकडं बघितलं तर बस आमच्या बरोबरीनं; टपावर केळीचे घड, पानांचे भारे, टोपल्या, सगळं दोरानं बांधलेलं. मग बस थोडी पुढं गेली. मागून भावजींचा आवाज, "पोट पुढें, रघू! पोट!" मी होतं नव्हतं तेवढं पुढं नेलं. मग आणखी पाणी तोंडात... आणि एकदम डोक्यावर सावली आली, गार वाटलं, आणि भावजी वेड्यासारखे ओरडले. आम्ही पुलाखालून गेलो होतो. मी मान वळवली. बस मागं, फर्लांगभर, रस्त्याच्या कडेला उभी होती आणि कंडक्टर तिच्या टपावर चढला होता.

त्या संध्याकाळी ओरत्तनाडूच्या घरी, मागच्या पायरीवर, आक्कानं मला हळूच सांगितलं. "बस पुढें गेली रे. त्यांचें तोंड बघवेना. मुत्तूला जें ऐकूं आलें तें कंडक्टरला येणार नाहीं कां? मीं खिडकींतून 'थांब, थांब' म्हणून ओरडलें. त्याला वाटलें टपावरचा दोर सुटला, केळीं पडलीं. शिट्टी मारली, चढला वर." मी हसायला तोंड उघडलं, तिनं त्यात लाडू कोंबला. "त्यांना सांगायचें नाहीं. शपथ घे." तोंडात लाडू असताना मी कुठलीही शपथ घेतो.

परतीला ती बोटीत बसली. बोलल्याप्रमाणे. हातात सवयीनं लिंबू होतं, ते तिनं अर्ध्या वाटेत पाण्यात टाकलं असं म्हणतात. मी पाहिलं नाही, कारण मला बसनं पाठवलं होतं. पुढं सात-आठ वर्षं दर सणाला ती पाण्यावरूनच माहेरी गेली. मग यंत्राचा एक भाग गेला तो मिळेना, मग भावजींचे गुडघे गेले, ते कुठून मिळणार... बोट परसात विहिरीशेजारी उलटी पडली. चपट्या बुडावर आक्का उन्हाळ्यात तांदळाचे वडाम, म्हणजे तुमचे सांडगे, वाळत घालते. गोल भागावर राहत नाहीत, घसरतात. आचारी आता नाहीत, नाहीतर त्यांना सांगितलं असतं की चपट्या बुडाचा काही तरी उपयोग झाला.

भावजींना जाऊन सहा आठवडे झाले. गेल्या रविवारी आक्कानं मला बोलावलं आणि ती वही पुढ्यात ठेवली. "मला हीं अक्षरें येत नाहींत. काय लिहून ठेवलेंय बघ तरी." आम्ही उलट्या बोटीवर बसलो. मी वाचू लागलो. शेवाळ, बहिरी फळी, पंखा, दगडाबद्दल 'घरांत असंतोष'. आक्का हसत होती, मधेच पदर डोळ्यांना लावत होती, पुन्हा हसत होती. मग दिवाळीच्या आदल्या दिवसाचं पान आलं. "पाणी भरपूर, प्रवाह सोबत. वारा मागून. बूड घासलेलें. मुत्तू नाहीं. रघू पुढें, जेवून आलेला." "आलेला होताच," आक्का म्हणाली. "दोन मैलांवर बरोबरी. तिसऱ्यास बस पुढें, दोन बोटींइतकी. वेग आतां अधिक वाढत नाहीं."

त्याखालची ओळ माझ्या नजरेला पडली आणि मी अडखळलो. बारा-चौदा वर्षं मी जे पोटात ठेवलं होतं, आणि माझ्या पोटात बरंच राहतं, ते कधीपासूनच इथं मोडीत लिहिलेलं होतं.

"वाच की," आक्का म्हणाली.

वाचलं. "सौ. खिडकींत. आवाज आला नाहीं, ओठ दिसले. 'थांब' म्हणाली. बस थांबली. कारण विचारूं नये."

पान उलटलं. परतीच्या दिवसाची तारीख आणि एकच ओळ, "सौ. बसली. सावकाश नेली." मी पुढची पानं चाळली. पाणी नाही, वारा नाही, मिनिटं नाहीत. ज्या माणसानं बेडकाच्या पोटातही वेग शोधला, त्याच्या वहीत त्यानंतर वेग कुठंच नव्हता. नुसतं, सौ. बसली, सावकाश नेली. पोंगल, सौ. बसली, सावकाश. नवरात्र, सौ. बसली...

"थांब," आक्का म्हणाली.

मी थांबलो. पण त्या घरात त्या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि तिच्या चेहऱ्याकडं बघण्यापेक्षा मला दुसरा सोपा वाटला. उठलो, आडाच्या खांबावरचा दोर काढला आणि आणून तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला. बराच वेळ त्याची गुंडाळी मांडीवर सारखी करत बसली, लाडवांचा डबा धरावा तशी. मग तिनं मला पायांपासून डोक्यापर्यंत, आणि मधे जरा जास्त वेळ, न्याहाळलं.

"तूं त्या दिवशीं बोटींत नसतास ना," ती म्हणाली, "तर मला ओरडावें लागलें नसतें रे."